हा राब नाय, भाजू नये

चौथीपुढे शाळा पाहिली नाही, म्हणून काय डोळे मिटून शेती केली? माझ्या वरच्या तुकड्याला मीठ खातंय, हे मला कुणी सांगायला नको होतं. बोअरचं पाणी मचूळ. होळीनंतर ऊन तापलं की जमीन पांढरी फुटायची, मिरचीची पानं कडेनं करपायची. पावसात सगळं धुऊन जायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात परत तेच.

मुलगा भिसेगावात राहतो, खालापूरला कंपनीत जातो. त्यानं फार्महाऊसवाली पार्टी गाठली. म्हणाला, "बाबा, त्या खाऱ्या तुकड्यात काय पिकतं आता? देऊन टाकू."

"एक उन्हाळा दे," मी म्हटलं. "आखातीच्या सणापर्यंत मिरची हिरवी नाय राहिली तर सही करीन."

एवढा जोर मला पेंढ्याच्या उडवीनं दिला. तुकड्याच्या कडेला रचलेली उडवी आदल्या चैत्रात हलवली, तर खालची जमीन काळी, ओली. हातभर अंतरावर मात्र पांढरा थर आणि भेगा. वर पांघरूण असलं की ऊन पाणी ओढत नाही. पाणीच वर येत नसेल तर मीठ कुणाच्या पाठीवर बसून येणार? एवढं कळायला कॉलेज लागत नाही.

आमच्याकडे भाताचं बी पेरण्याआधी त्या जागेवर वाळक्या पानांचा पातेरा, शेण, पेंढा पसरून भाजतात. त्याला राब म्हणतात. राब न भाजणारा एक तर आळशी, नाहीतर डोकं फिरलेला. मी राबासाठी जमवलेला सगळा पातेरा उचलला आणि वरच्या तुकड्यावर वीतभर जाड पसरला. बायको म्हणाली, "आणि भाताचं?" म्हटलं, "त्याला शेणखत घालीन. लोकं हसली तर हसू देत."

मिरचीची रोपं आणायला कर्जतला निघालो. जाण्याआधी अर्ध्या भागावर पाणी मारलं, उरलेलं आल्यावर मारणार होतो. परत येतो तर कोरडा अर्धा भाग काळाठिक्कर, धूर निघतोय. बांधावर माझी थोरली वहिनी पदरानं घाम पुशीत उभी. तिचं शेत लागूनच आहे.

"भावोजी, तुमचा राब पडून होता. म्हटलं, म्हाताऱ्याला झेपत नसंल, देते भाजून. त्या अंगाला वला हाय, पेटंना."

"वहिनी, तो राब नव्हता."

"मंग काय, गोधडी व्हती?"

"गोधडीच होती. जमिनीची."

"जमिनीला थंडी वाजती?"

"नाय. ऊन लागतं."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आठवडाभर जो भेटेल तो विचारी, "काय, जमिनीचा ताप उतरला का?"

पातेरा संपला होता. मी रोपं दोन्हीकडे लावली, पाणीही सारखंच दिलं. सुरुवातीला राखेतली मिरचीच जोरात होती. वहिनी रोज बांधावरून बोट दाखवायची. मग चैत्राचं ऊन लागलं. राखेखालून पांढरं वर आलं, पानांच्या कडा तपकिरी झाल्या, झाडं बसली. पातेऱ्यातल्या मिरचीला मधलं एखादं पाणी चुकलं तरी फुलं धरतच होती.

आखातीला मुलगा कागद घेऊन आला. तुकडा बघून म्हणाला, "अर्धी गेली, बाबा. ठरलं व्हतं आपलं."

"गेली ती तुज्या चुलतीनं भाजली तिथली. इकडं हात घाल."

त्यानं पातेऱ्यात हात घातला. काढला तेव्हा बोटांना ओली माती होती. पलीकडच्या पांढऱ्या भागाकडं बघत त्यानं हात पँटला पुसला.

"पण शब्द दिला व्हता तुमी."

"पांघरलेल्या जमिनीचा दिला होता. उघडीचा नाय."

कागद आले तसे परत गेले. म्हाताऱ्यानं शब्द फिरवला, असं अजून बोलतात. बोलू देत. सही मला चांगली येते, पण त्या कागदावर ती पडली नाही आणि पडणार नाही.

पुढच्या साली दुप्पट पातेरा जमवला. एका फळीवर कोळशानं लिहिलं : हा राब नाय, भाजू नये. मग ध्यानात आलं, वहिनीला वाचता येत नाही. तेव्हापासून रोपं आणायला जाताना तिलाच बांधावर राखणीला बसवून जातो. बसते. बडबडत बसते, पण कुणाला काडी ओढू देत नाही.