मूर्तिजापूरच्या पुढची सावली

देवीपुढे हात जोडणं मी जवळजवळ सोडलंच होतं. माझ्या मुलीला, चिऊला, जन्मापासून घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर पडायला वाटच नाही. अकोल्याच्या उन्हाळ्यात अशा लेकराला वाढवायचं म्हणजे काय, हे मी कोणाला सांगत बसत नाही. ओले पंचे, थर्मामीटर, बंद खिडक्या यांतच आमचे दिवस जातात. गेल्या वर्षी ती मोठ्या तापातून उठली, तेव्हा सासूबाईंनी अमरावतीच्या अंबादेवीला ओटी बोलली होती. मी मनात म्हणाले, पोरीला असं घडवलं कोणी, आणि आभार मानायचे कोणाचे?

तरीही त्यांच्या शब्दासाठी आम्ही निघालो. माझे यजमान कामासाठी आधीच अमरावतीला गेले होते, म्हणून गाडी मीच चालवत होते. मागे सासूबाई आणि त्यांच्या मांडीवर चिऊ. पहाटेच निघायचं होतं, पण नेमके पाहुणे आले आणि ऊन चढलं. मला धीर एवढाच होता की गाडीचा एसी आठवड्यापूर्वीच दाखवून आणला होता. थंडावा कमी झालाय म्हटल्यावर गॅरेजवाल्याने गॅस भरून दिला होता.

मूर्तिजापूर मागे पडलं आणि हवा कोमट झाली. बटण खालीवर केलं, पंखा वाढवला. वारा जोरात येत होता, पण थंड नव्हता. थोड्या वेळाने तर गरम झोतच यायला लागला. आरशात पाहिलं तर चिऊचा चेहरा लालबुंद झाला होता आणि एरवी अखंड बडबडणारी पोर गप्प होती. सासूबाई बाटलीतलं पाणी तिच्या डोक्यावर थापत होत्या, पण तेही तापलेलं. मागे फिरावं तरी तेवढंच ऊन, पुढे जावं तरी तेवढंच. त्या क्षणी मी नवस बोलले नाही, रागावलेही नाही. मनात एवढंच आलं, की माझं सगळं करून झालं, आता तूच बघ.

रस्त्याला लागून संत्र्याची बाग होती, बागेच्या तोंडाशी कडुनिंब आणि त्यामागे एक घर. मी गाडी सावलीत घातली. दारात साठीच्या एक बाई उभ्या होत्या, डोक्यावर ओढणी. मी काही सांगायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं.

"पोरगी पयले आत आणा. गाडीचं मंग पाहू."

त्यांनी चिऊला कूलरसमोर चटईवर निजवलं, रांजणातल्या गार पाण्याने कपडा भिजवून अंगभर पांघरवला. सासूबाई त्यांच्याशेजारी बसून तळपाय पुसत राहिल्या. दोघी एकमेकींना अनोळखी, पण एका घरातल्या जावांसारख्या कामाला लागल्या. त्या बाईंना सगळे आपा म्हणत, मीही तेच म्हणाले. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की गावात रोज दुपारी लाईन जाते, आज अजून कशी गेली नाही कोण जाणे. मी कूलरच्या पंख्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाहायची हिंमत झाली नाही.

चिऊने पाणी मागितलं, तेव्हा मला बाहेर जायचं भान आलं. आपांचे यजमान, ज्यांना मी चाचा म्हणाले, गाडीजवळ थांबले होते. त्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं, तसं त्यांनी आधीच सांगून टाकलं. मी बॉनेट उघडून एसी लावला. कॉम्प्रेसर टक् करून सुरू व्हायचा आणि लगेच बंद पडायचा. गॅस पुन्हा गळाला असेल, आता अमरावतीशिवाय इलाज नाही, असंच मी धरून चालले. चाचा मात्र पुढच्या जाळीत डोकावून म्हणाले, "ताई, आत हे कापसावानी काय हाय? आमच्या कूलरची वाळ्याची ताटी अशी भरली का त्यातून वारा निघत नाही."

मी मोबाईलचा उजेड पाडला. रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी करड्या थराने गच्च बुजली होती. बोट फिरवलं तर रुई निघाली. मी कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या कचेरीत काम करते. सगळा हंगाम गाडी तिथल्याच आवारात उभी असते. मग गरम झालेला गॅस थंड होणार तरी कुठून!

इंजिन निवू दिलं. मग चाचांनी फवारणीचा पंप धुऊन त्यात साधं पाणी भरलं आणि आम्ही हलक्या धारेने जाळी धुतली. ओल्या रुईचे लगदे मी हाताने ओढून काढले. पुन्हा एसी लावला. कॉम्प्रेसर सुरू झाला आणि सुरूच राहिला. मी झोतापुढे हात धरून उभी होते, थंडावा तळव्याला लागला, आणि मला रडू आवरलं नाही. चाचा तोंड वळवून पंप आवरायला लागले.

चिऊचं अंग निवलं होतं. आपांनी तिला संत्र्याचं सरबत पाजलं. काही देऊ केलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं, म्हणून मी नुसती वाकले. त्यांनी मला मध्येच धरलं आणि चिऊच्या कपाळावरून बोटं फिरवून दुवा दिला. आम्ही गाडीत बसलो आणि मागे कूलरचा आवाज थांबला. लाईन गेली होती.

बडनेऱ्याच्या अलीकडे मागून आवाज आला, "आई, एसी कमी कर ना. मले थंडी वाजते." सासूबाई हसल्या आणि त्यांनी आपला पदर तिच्या अंगावर ओढला.

संध्याकाळी ओटी भरली. गाभाऱ्यासमोर मी बराच वेळ उभी होते. पोरीला असं का घडवलं, हा प्रश्न विचारायचा होता, पण तो ओठावर आला नाही. त्याचं उत्तर मला आजही ठाऊक नाही. थर्मामीटर माझ्या पर्समध्ये असतो, जाळी मी दर महिन्याला धुते. जे माझ्या हातात आहे ते करते. फक्त आता त्यापुढचं ओझं रात्रभर उराशी धरून बसत नाही. ते देवीच्या पायाशी ठेवते आणि लेकराला कुशीत घेऊन झोपते.