कोरडी फक्की

लोणारहून निघालेल्या बसमध्ये मी पोट साफ व्हायला इसबगोलाची भुसी तळहातावर घेतली आणि फुटाण्यांसारखी फक्की मारणार, तेवढ्यात शेजारच्या म्हातारीने माझं मनगट धरलं.

"कोरडी काऊन खाऊन राह्यला, बाबू? घशात फुगली तं जीव जाईन."

तिने भुसी आपल्या लोटीतल्या पाण्यात ढवळून मला लगेच प्यायला लावली, वर आणखी पाणी पाजलं. मग पदराने लोटी पुसत साऱ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली, "दिवसभर पाणी पेत राय. उद्या होईन मोकळं."

लाजून मी तिचं नावही विचारलं नाही. दुसरबीडला उतरताना ती कंडक्टरशी काहीतरी बोलली. बस सुटताच तो स्वतःची पाण्याची बाटली घेऊन माझ्याकडे आला.