दुसऱ्या बाराची खोड

बाळासो मिस्त्रीनं दुरुस्त केलेली बंदूक त्याच्याकडं परत आली, असं कोल्हापुरात कधी झालं नव्हतं. निदान तो तरी तसं छाती ठोकून सांगायचा. त्याला खोटं कोण पाडणार? बिघडलेली बंदूक अखेर त्याच्याच दुकानात न्यावी लागायची.

सत्तर सालच्या हंगामात मात्र कोडोलीच्या हंबीररावांची पाच बारांची विलायती बंदूक तिसऱ्यांदा त्याच्या टेबलावर आली. दुखणं तेच. पहिला बार झोकात उडायचा. त्या धक्क्यानं नळी मागं सरकावी, रिकामी पुंगळी बाहेर पडावी आणि दुसरं काडतूस आपोआप वर यावं, अशी तिची रचना. पण पुंगळी दारातच अडकायची आणि उसात शिरलेल्या डुकरांवर टपलेले हंबीरराव बांधावर बंदुकीला शिव्या घालत बसायचे.

"बाळासो, जमत नसंल तर सांग की. बेळगावला नेतो," ते अख्ख्या पेठेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले.

बेळगावचं नाव ऐकून बाळासोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काडतुसं सर्दलीत का ते त्यानं बघितलं, स्प्रिंग ताणून बघितली, नळीखालची पितळी कडी उलटी तर बसली नाही ना, तेही बघितलं. सगळं जागच्या जागी. मात्र आत मागच्या दोन खेपांसारखाच चिकट, पिवळा राप. रॉकेलनं धुऊन माळावर नेल्यावर पाचही बार सटासट उडाले. म्हणजे खोड बंदुकीत नव्हती, कोडोलीत होती. बंदूक न्यायला आलेल्या हंबीररावांबरोबरच तो एस.टी.त बसला.

घरी पोचल्यावर हंबीरराव वैरण बघायला गोठ्यात गेले. बाळासो सोप्यात चहा पीत होता. तेवढ्यात त्यांच्या बायकोनं, चिमणाबाईंनी, त्याच्या देखतच बंदूक देव्हाऱ्यापुढं ठेवली आणि तिच्या पोटात तेल ओतून वर चिमूटभर हळद सोडली.

"वैनी, परक्या हातातनं आली म्हणून पूजा व्हय?" त्यानं विचारलं.

"पूजा कसली? हळद दिसली की कोण इचारत न्हाय," चिमणाबाई शांतपणे म्हणाल्या. "पैल्या बारालाच डुकरं पळत्यात, भावजी. फुडचं चार बार ह्ये डोळं मिटून वढत्यात. दसऱ्याला माझ्या भावाच्या, केरबाच्या डोस्क्यावरचा पटका उडाला. सारं गाव हसलं, केरबाबी हसला. मला अजून झोप न्हाय."

बाळासोनं कपबशी खाली ठेवली. बाई खोटं बोलत नव्हती, आणि ती बंदूक तीनदा साफ करून देणारे आपणच, या विचारानं तो मनातून चांगलाच घाबरला.

हंबीरराव चारदोन शेजारी आणि मेहुण्या केरबाला घेऊनच आत आले. "काय मिस्त्री, सापडलं का?"

उत्तर बाळासोच्या जिभेवर होतं. अशी जीभ त्यानं जन्मात कधी आवरली नव्हती.

"न्हाय मालक. हिच्यापुढं मी हात टेकलं," तो म्हणाला. "आणि बेळगावला उगं हेलपाटा घालू नगा. तिथला मिस्त्री माझाच चेला हाय. गुरूला जमलं न्हाय, ते त्याला काय जमतंय?"

हे शेवटचं धादांत खोटं होतं, पण त्यातल्या त्यात तेवढीच अब्रू राहिली.

जेवणाच्या पंगतीत कोल्हापूरच्या मिस्त्रीची यथेच्छ टर उडाली. चिमणाबाईंनी न विचारता त्याच्या ताटात दोनदा मटण वाढलं. सगळ्यांत मोठ्यानं केरबा हसत होता. बाळासोनं त्याला पोटभर हसू दिलं.