देवमाशाची बोली आणि विहिरीतला फुटबॉल

तमाम जनतेस, विशेषतः माझ्या सासुरवाडीस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की देवमासा बोलण्यासाठी तोंड उघडत नाही. तरीही त्याचं म्हणणं कोसन्‌कोस पोचतं.

ही मौलिक माहिती मी गेल्या उन्हाळ्यात विट्याजवळ, मेव्हण्याच्या विहिरीवर उभा राहून दिली. मोटार पाणी ओढत नव्हती. पाइपाच्या तळाशी जी झडप असते तिला तिकडे सगळे फुटबॉल म्हणतात. तिच्यात काहीतरी अडकलं होतं. पाणी दोन पुरुष खोल. मेव्हणा फौजेतून निवृत्त झालेला, साठीला टेकलेला, तरी म्हणाला, "मीच बुडी मारतो." बायकोचा हा एकुलता एक भाऊ. तिने मोटारीचे फ्यूज काढून ठेवले आणि त्याच्या कमरेला दोर बांधायला घेतला.

"दोर पाइपात गुततोय गं. ऱ्हाऊ दे."

"मग खाली तू बरा हायस का न्हाईस, आमाला कळायचं कसं?"

इथे मी पुढे सरसावलो. आदल्याच दिवशी मोबाइलवर देवमाशांचा कार्यक्रम पाहिला होता. समुद्रात खोल गेलं की उजेड संपतो, डोळ्यांचा उपयोग नाही. आवाज मात्र पाण्यात हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने धावतो. म्हणून काही देवमासे लांबलचक गातात. काही नुसती टकटक करतात, आणि तिच्या ठेक्यावरून आपली टोळी ओळखतात.

"तेव्हा दादा, एक दगड घेऊन जा. पाइपावर दोनदा ठोकलंत की खुशाली. ठोकतच राहिलात, तर घात. मी खालच्या पायरीवर बसून कान पाण्यात घालतो."

"दाजी, देवमाशाला मोटार दुरुस्त करावी लागत न्हाई," मेव्हणा म्हणाला. पण दगड घेतला.

"आरं दादा, ह्यांचं काय ऐकतोस!" बायको ओरडेपर्यंत तो पाण्याखाली गेला होता.

पहिल्या बुडीला अगदी स्वच्छ ऐकू आलं. टक, टक. "खुशाल आहे!" मी ओलं डोकं वर काढून जाहीर केलं. बायकोने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिची नजर पाण्यावर. मेव्हणा वर आला, दम घेतला, पुन्हा गेला.

दुसऱ्या बुडीला काहीच नाही. मी डोकं बुडवून श्वास रोखला, तर माझ्याच छातीची धडधड. मग टक. टकटक. टकटकटकटक! आवाज कुठल्या बाजूने येतोय हे देवमाशाला पाण्यात कळतं. आपल्या कानांना कळत नाही. ती टकटक माझ्याच कवटीत चालल्यासारखी चहूबाजूंनी येत होती. थांबेच ना. घात! मी चष्म्यासकट उडी मारली.

आता, मी वाईचा. नदीकाठी वाढलो हे खरं, पण माझं पोहणं म्हणजे घाटाची पायरी धरून पाय मारणं. विहिरीच्या मध्यावर पायरी कुठली? चार-सहा घोट गेले, वरचं-खालचं कळेना, आणि कुणीतरी कॉलर धरून मला ओढलं. मेव्हणाच तो, धडधाकट! झडपेत खडा रुतला होता, तो हातातल्या दगडाने ठोकून काढत होता. ठोकतच होता म्हणजे.

"दाजी, तुमी कशाला आलासा?"

माझ्या नाकातून पाणी येत होतं. खालच्या पायरीवर दोघं एकमेकांना धरून बसलो आणि खो खो हसत सुटलो. जिवात जीव आला होता. बायको धावत उतरली. एकदा भावाचं डोकं, एकदा माझं, अशी पदराने पुसत सुटली. रडत होती, हसत होती, आणि त्या भरात तिच्या तोंडून निसटलं,

"अगं बया! मी तर नवस एकट्या दादाचाच बोलले हुते!"