इथं हात लावू नको

आईचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लॅबमध्ये होते. "संजूदादा गेला गं..." एवढंच म्हणाली. लिहायला लाज वाटते, पण रडू येण्याआधी माझ्या मनात आलं ते हे, की आता बिल्ड कोण करणार?

संजूदादा थळमधला आमचा शेजारी. नोकरी सोडून गावी आल्यावर त्यानं होड्यांसाठी भरतीच्या वेळा सांगणारं ॲप बनवलं. बंदरागणिक वेळ बदलते, म्हणून त्यानं एकच साचा लिहिला होता, आणि सगळ्या बंदरांच्या आकड्यांची एक वेगळी यादी. मॅक्रो प्रोसेसर नावाचा प्रोग्राम साच्यातल्या खुणांच्या जागी यादीतले त्या त्या बंदराचे आकडे भरून फाइली तयार करायचा. मग त्या जोडून ॲप तयार करायचं, ती बिल्ड. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यानं मला हाताशी घेतलं.

एकदा थळचा आकडा चुकतोय असं बाबा म्हणाले म्हणून मी तो बदलला, पण यादीत नाही, तयार फाइलीत. दादानं पुढच्या वेळी मॅक्रो प्रोसेसर चालवला आणि माझी दुरुस्ती पुसली गेली. ॲपमधली जुनीच वेळ बघून निघालेली बाबांची होडी खाडीच्या तोंडाशी रुतून कलंडली. "तुमच्या मोबाइलला भरती आली, दर्याला न्हाय आली!" घरी येऊन ते हसले. माझ्या मनात मात्र एकच... उलटली असती तर?

दादा रागावला नाही. "दार मीच उघडं ठेवलं व्हतं," म्हणाला, आणि मॅक्रो प्रोसेसर त्यानं बिल्डमध्येच बसवला. आता दर बिल्डला यादीवरून फाइली आपोआप नव्या होणार, तयार फाइलीत हातानं केलेला बदल टिकणारच नाही.

"माझ्यावर विश्वास नाही ना?"

"तुझ्यावर हाय गं. हातांवर न्हाय. माझ्या पण."

त्याला जाऊन दीड महिना झाला. परवा बाबा म्हणाले, खाडीच्या तोंडावरची वाळू सरकलीय, पुरेसं पाणी यायची वेळ बदल. वहिनीनं दादाचा कॉम्प्युटर तसाच ठेवलाय. मी बसले, आणि घाबरून पुन्हा तयार फाइलच उघडली. सगळ्यात वर ओळ होती: "इथं हात लावू नको गं. यादी बघ."

ती त्यानं साच्यातच लिहून ठेवली होती...

मी यादी बदलली, बिल्ड केली, चारदा तपासली. दुपारी बाबांची होडी खाडीबाहेर पडेपर्यंत मी बंदरावर उभी होते. ती सुखरूप बाहेर पडली. भीती मात्र गेली नाही. परत येऊन मी नवी फाइल उघडली. तयार मी केलेली, पण वर त्याचीच ओळ, आत्ताच उमटलेली.