शार्डोनेच्या चार ओळी

ती सकाळ मी विसरलेलो नाही, आणि आठवली की आजही थोडी लाज वाटते. का, ते ओघात येईलच. पोलिसातल्या आठवणी लिहिताना मी पाळतो त्या नियमाप्रमाणे कुणाचं नाव मात्र लिहिणार नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशिकच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. जिल्ह्यात तेव्हा वायनऱ्या नव्याने उभ्या राहत होत्या. आमच्या हद्दीत एक घरची वायनरी होती, दोन सख्ख्या भावांची. थोरला बाग सांभाळायचा आणि परदेशात शिकून आलेला धाकटा वाइन करायचा. डोंगराच्या उतारावर त्यांचा एक तुकडा होता. तिथे गारठा जास्त, त्यामुळे द्राक्ष सावकाश पिकायचं. त्या तुकड्यात शार्डोने नावाच्या पांढऱ्या द्राक्षांच्या चारच लांब ओळी होत्या आणि तेवढ्याच तुकड्याची वाइन ते वेगळी बाटलीत भरत. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत तिचं कौतुक सुरू झालं होतं.

जानेवारीत, तोडणी आठ दिवसांवर आलेली असताना, धाकटा सकाळीच ठाण्यात आला. चेहरा पार उतरलेला.

"साहेब, चार ओळी कुणीतरी खोडापासून कापल्या. माझा सगळा हंगाम गेला."

मी फौजदाराला घेऊन निघालो. या फौजदाराबद्दल आधी सांगायला हवं. पोरगा थेट परीक्षा देऊन आलेला, वय सव्वीस. मी शिपाई म्हणून भरती झालो, वर्षानुवर्षं बंदोबस्त करत, खात्याच्या परीक्षा देत वर चढलो. आदल्याच महिन्यात त्याने एका घरफोडीचा तपास लावला आणि पेपरात त्याचा फोटो आला. मी त्याच्या शेजारीच उभा होतो, पण छापताना माझा फक्त खांदा आला. घरी बायकोने तो पेपर जपून ठेवला, मी तो रद्दीत घातला. सरळच सांगतो, मी त्याच्यावर जळत होतो.

बागेत वेलींची पानं मलूल पडली होती. तारेवर घड तसेच लटकत होते. फौजदार खाली वाकला आणि म्हणाला, "सर, प्रत्येक कापावर निळसर लेप दिसतोय. पंचनाम्यात घेऊ का?"

"फवारणीचा डाग आहे तो. बागेत दुसरं काय असणार? लिहू नको."

तो सरळ उभा राहिला. पंच सह्या करून मोकळे झाले आणि लेपाचा उल्लेख कागदावर आलाच नाही. लेप त्याला दिसला, म्हणूनच मी तो लिहू दिला नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

दुपारी खबर आली. चहाच्या टपरीवर बसणाऱ्या माझ्या माणसाने सांगितलं, की त्यांच्या बांधाला बांध असलेला शेजारी आठवड्यापूर्वी चारचौघांत म्हणाला होता, "बघू यांची शार्डोने कितीक दिवस टिकती." शेजारी खाण्याची द्राक्षं करायचा आणि त्याच्या मालाला त्या वर्षी उठाव नव्हता. मला एवढं पुरे होतं. गुन्हा आजच उघडकीला आणायचा आणि तो मीच आणायचा, असं डोक्यात बसलं होतं.

शेजाऱ्याला बोलावून बाकावर बसवलं. माणसाला तासभर न बोलता बाकावर ठेवलं की तो निम्मा बोलका होतो, हा माझा अनुभव. मग आत घेतला, आवाज चढवला, हातही उगारला. तो हडबडला, पण नजर चुकवली नाही.

"जळत व्हतो साहेब, खोटं कशाला बोलू? माती तीच, पानी तेच. त्यांच्या दारात मुंबईच्या गाड्या, अन् आमच्या मालाला व्यापारी नाकं मुरडतो. लय आग व्हायची. पन वेलावर करवत? नाय साहेब. पोराबाळांची शपथ, माझा हात चालनार नाय."

मी विश्वास ठेवला नाही. रायटर हवालदाराला अटकेचे कागद तयार करायला सांगितले. त्याआधी याला जागेवर नेऊन उभा करू, म्हणजे आपोआप कबूल करेल, असा माझा हिशेब होता.

जागेवर तो एका वेलीपाशी उकिडवा बसला. कापावरून अंगठा फिरवला. शेजारच्या दोन वेलीही तशाच पाहिल्या.

"साहेब, मला आत टाकायचं तर टाका. पन ज्यानं ह्ये केलं, त्याला वेल मारायचा नव्हता."

"म्हणजे?"

"कलमाच्या जोडाच्या वर कापलंय. जोडाखाली कापलं असतं तर शार्डोने संपली असती, नुसतं जंगली खुंट फुटलं असतं. आता दोन-तीन वर्सात हाच वेल पुन्हा माल देतो. अन् ह्यो लेप बघा, मोरचूद अन् चुना. जखमेतून रोग शिरू नाय म्हनून लावत्यात. दुश्मन लावंल व्हय?"

"मग कोण लावेल?"

"ते मला नका विचारू," तो म्हणाला आणि बांधाकडे बघत राहिला.

माझे कान गरम झाले. फौजदार मागेच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि त्याचाही मला रागच आला. शेजाऱ्याला मी तिथूनच घरी जायला सांगितलं.

वेलींना एवढं जपणारा एकच माणूस मला सुचला, थोरला. तो विहिरीजवळच्या शेडमध्ये होता. मी त्याला गुन्ह्याबद्दल काही विचारलं नाही, फक्त ती बाग कशी उभी केली ते विचारलं. तो खुलला. पहिल्या वर्षी उतारावर पाइपलाइन नव्हती, हंड्यांनी पाणी घातलं. एकेक कलम स्वतःच्या हाताने बांधलं. कुठली वेल कधी रुसली तेही त्याला पाठ होतं. तो रंगात आला तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कापायच्याच होत्या, तर लेप कशाला लावलात?"

"उघडी जखम कशी सोडनार, साहेब?"

बोलून गेला आणि थांबला. मग खताच्या गोणीवर हळूच बसला.

"मुंबईचे पाव्हने आले व्हते. धाकला त्यांना बाग दावत व्हता. म्या पाठीवर पंप घिऊन वर आलो. एका बाईनं विचारलं, हे कोन? तर म्हनला, हे आमचं बागेचं बघतात. भाऊ म्हनला नाय, साहेब. बाटलीवर त्याची एकट्याची सही हाय. माझं नाव निस्तं सातबाऱ्यावर. वाटलं, दोन-तीन वर्सं बाटली निघूच नाय. मग कळंल त्याला, बाग कोन करतो."

संध्याकाळी ठाण्यात दोघांना समोरासमोर बसवलं. धाकटा आधी चिडून उठला. मग ते पाहुण्यांचं ऐकलं आणि गोंधळला.

"दादा, मी असं म्हणालो?"

"म्हनलास."

त्याला खरंच आठवत नव्हतं. थोरल्याला ते जास्त लागलं असावं, कारण तो तेव्हा रडला. धाकट्याने तक्रार मागे घेतली. गावात शेजाऱ्याबद्दल उठलेली चर्चाही थांबली.

मी वरिष्ठांना अहवाल पाठवला. त्यात लिहिलं, 'कापलेल्या जागी लेप असल्याचे माझ्या निदर्शनास आले.' फौजदाराने तो टाइप केलेला कागद वाचला, सॅल्यूट केला आणि म्हणाला, "बरोबर आहे सर." महिन्याभराने मला प्रशंसापत्र आलं. ते फ्रेम करून मी बैठकीत लावलं.

तिसऱ्या वर्षी त्या ओळींना पुन्हा माल आला. दोघे भाऊ बाटली घेऊन घरी आले. लेबलवर तुकड्याचं नाव, त्याखाली थोरल्याचं, मग धाकट्याचं. मी घेत नाही, तेव्हा बायकोने ती बाटली शोकेसमध्ये ठेवली, नेमकी त्या प्रशंसापत्राखाली. येता-जाता दोन्ही एकदम दिसायची. बाटलीवर दोन नावं, फ्रेममध्ये एकच. आठवडाभरात मी फ्रेम काढून कपाटात टाकली. बायकोने कारण विचारलं, मी सांगितलं नाही.

टपरीवर बडबडणाऱ्या शेजाऱ्याच्या जळण्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. थोरल्याच्या जळण्याने चार ओळी गेल्या, पण त्याने निदान जखमेला लेप लावला होता. माझ्या जळण्याने एक निरपराध माणूस जवळजवळ कोठडीत गेला होता, आणि मी काहीच लावलं नव्हतं.

तो फौजदार आता फार वरच्या हुद्द्यावर आहे. लेप पहिल्यांदा त्याला दिसला होता, मला नाही. हे कुठेतरी छापून यावं म्हणूनच मी हे लिहायला घेतलं. आणि कुणाचं नाव लिहायचं नाही या माझ्याच नियमामुळे त्याचं नाव इथेही आलेलं नाही.