अक्कांनी सांगितलं म्हणून

अक्कांना चेहऱ्यानं फारसं कोणी ओळखत नसे. ठेंगणा बांधा, साधं सुती पातळ, केसांना चापूनचोपून तेल आणि हातात कापडी पिशवी. परभणीच्या बाजारात अशा बाया पावलोपावली दिसतात. पण अक्कांनी तोंड उघडून नुसतं "कोथिंबीर कशी दिली गं?" एवढं विचारलं की भाजीवालीचा हात जागच्या जागी थांबायचा. "अगं माय, ह्या तर रेडिओतल्या अक्का!" मग शेजारच्या चार जणी उठून यायच्या, कोणी सुनेची तक्रार सांगायची, कोणी म्हशीची, आणि मी पिशवी धरून बाजूला उभी.

आमच्या रेडिओवर संध्याकाळी खेड्यातल्या लोकांसाठी कार्यक्रम लागायचा, त्यातल्या त्या अक्का. खरं नाव आमच्या गल्लीतही थोड्याच लोकांना ठाऊक होतं. माहेर पिंगळीकडचं, शेतकऱ्याच्या घरातलं. यजमान कोर्टात कारकून होते, ते लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. मी कॉलेजात असताना रेडिओवर हंगामी निवेदिका म्हणून लागले आणि आमची घरं समोरासमोर असल्यामुळे एकाच रिक्षानं जाणं-येणं सुरू झालं. पुढे मी शाळेत शिक्षिका झाले, लग्न होऊन पलीकडच्या गल्लीत गेले, तरी संध्याकाळी अक्कांच्या ओट्यावर जाऊन बसणं काही सुटलं नाही.

त्यांचा एक हट्ट असे. स्वतः करून पाहिल्याशिवाय रेडिओवर काही सांगायचं नाही. डॉक्टरांनी हगवणीवर मीठ-साखरेचं पाणी सांगितलं, तर अक्कांनी आधी घरी करून प्यायलं, मगच बोलल्या. एकदा बियाण्याचा एक दुकानदार चांगली साडी घेऊन घरी आला. त्याच्या कपाशीबद्दल कार्यक्रमात दोन चांगले शब्द बोलावेत एवढंच त्याचं म्हणणं. अक्कांनी साडी परत केली आणि बियाणं मात्र ठेवून घेतलं. भावाच्या रानात एका कोपऱ्याला लावलं. दिवाळीत दुकानदार पुन्हा आला तेव्हा त्याला म्हणाल्या, "बोंडं लागली, पण उघडलीच न्हाईत. आता हेच सांगू का रेडिओवर?" तो माणूस पुन्हा फिरकला नाही.

मी त्यांना म्हणायचे, अक्का, एवढं कशाला? तेव्हा त्या एकदा म्हणाल्या होत्या, "निमा, ऐकणारं माणूस आपलं तोंड पाहू शकत न्हाई. म्हणून त्याला फसवणं लय सोपं हाय. आन् म्हणूनच फसवायचं न्हाई."

एका निवडणुकीत देवगाव फाट्याला सभेसाठी सिनेमातला एक मोठा हिरो येणार होता. अक्का तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. मला म्हणाल्या, "चल, पाहून येऊ. जन्मात एकदा तरी हिरो पाहावा." रस्त्यावर ही गर्दी. ट्रॅक्टर भरभरून माणसं आलेली, पोरं लिंबाच्या झाडांवर, बाया उन्हात पदर धरून. हेलिकॉप्टर उतरलं तशी एवढी धूळ उडाली की थोडा वेळ कोणाला काहीच दिसेना. हिरोनं गॉगल काढला, हात हलवला, सिनेमातलं एक वाक्य म्हटलं. माणसं वेडी झाली. मग त्यानं उमेदवाराचं नाव घेतलं, तेही चुकीचं. शेजारी उभ्या उमेदवारानं हसत हसत कानात सांगितलं, तेव्हा दुरुस्त केलं. बटण कोणतं दाबायचं ते सांगितलं आणि पाव तासात उडून गेला.

परतीच्या वाटेवर आमच्या जीपमध्ये सेलूकडची एक म्हातारी बसली होती. अक्कांनी विचारलं, "मग आजी, ह्यालाच टाकणार का मत?"

"छ्या! पाहायला आले होते, पाह्यलं. लय गोरा हाय पोरगा." म्हातारी हसली. "मताचं घरी जाऊन पाहू की."

तो उमेदवार पडला. अक्कांना त्याची फार गंमत वाटली. महिनाभर त्या ओट्यावर आल्या-गेल्याला म्हातारीची नक्कल करून दाखवत होत्या.

पुढच्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला आमच्या गल्लीतल्या मास्तरांचा विलास उभा राहिला. जिंतूर तालुक्यात, चारठाण्याच्या पुढच्या गावांमधून. तिकडे त्याचं आजोळ. पोरगा हुशार, बोलायला गोड, अक्कांच्या हातची भाकरी खाऊन वाढलेला. तिकडच्या एका नाल्यावर पूल नव्हता. पावसाळ्यात पाणी चढलं की पलीकडच्या पोरांची शाळा बुडायची. विलासनं पूल बांधून देण्याचा शब्द दिला होता. तो अक्कांच्या पाया पडला आणि म्हणाला, "अक्का, तुमी नुसतं दोन वाक्यं बोला. तुमच्या आवाजावर बाया जीव टाकतात."

मला वाटलं होतं, त्या नाही म्हणतील. पण त्या म्हणाल्या, "हे पोरगं माझ्या डोळ्यापुढं वाढलंय. ह्याला काय आणखी करून पाहायचं?"

फोटो स्टुडिओवाल्याकडे जाऊन त्यांनी आवाज भरला. मी सोबत होते. "मी अक्का बोलायलेय. विलास माझ्या घरचं पोरगं हाय. त्यो तुमचा पूल बांधील. माझ्यावर भरोसा ठेवा." जीपवर स्पीकर लावून ते गावोगाव वाजवलं गेलं. मतदानाच्या आधी विलासचा मित्र सांगत आला, की जीप गावात शिरली की बाया चुलीवरचं सोडून बाहेर येतात. विलास निवडून आला. गल्लीत पेढे वाटले, पहिला पेढा अक्कांच्या हातावर.

त्यानंतर दोन पावसाळे गेले असतील. एका दुपारी अक्कांच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. पदरात गवारीच्या शेंगा बांधून आणल्या होत्या. नाव गयाबाई, त्या नाल्यापलीकडच्या गावची. अक्कांनी पाणी दिलं, चहा केला. चहा पिऊन झाल्यावर बाई पदराची गाठ सोडून शेंगा सुपात काढत बसली. शेवटी अक्काच म्हणाल्या, "पूल कुठवर आला?"

"कशाचा पूल आन् कशाचं काय. नाल्याला पाणी आलं की पोरं घरी. माझी मीरा नववीला होती. तिचा बाप म्हणला, रोज कोण पोरीला पलीकडं सोडायला जाईल? बसली घरी. आता स्थळं पाहायलेत."

अक्कांनी रिकामी कपबशी उचलली आणि तशीच खाली ठेवली.

"तुमाला दोष द्यायला न्हाई आले," गयाबाई घाईनं म्हणाली. "गावातले गडी दुसऱ्याच्या बाजूनं होते. पण तुमी सांगितलं म्हणून आमी समद्या बायांनी त्यालाच टाकलं. आता आमचा फोन उचलत न्हाई त्यो. तुमचा उचलील. तुमीच इचारा त्याला."

फोन अक्कांचाही त्यानं उचलला नाही. मग आम्ही दोघी त्याच्या ऑफिसात गेलो. बराच वेळ बाहेर बसवलं. आत गेल्यावर मात्र विलास उठून पाया पडला, खुर्ची दिली, उसाचा रस आणायला माणूस पाठवला. मधल्या काळात त्यानं पक्ष बदलला होता. "अक्का, वरून मंजुरी आली की लगेच काम सुरू," म्हणाला. मग शेजारी उभा राहून फोटो काढून घेतला. संध्याकाळी तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता, खाली लिहिलेलं, 'अक्कांचे आशीर्वाद सदैव पाठीशी'. मी तो त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, पुन्हा वाचला, आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या माझ्या दारात हजर. "निमा, शाळेला सुट्टी टाक. आपल्याला गावांना जायचंय."

ज्या ज्या गावांत ती जीप फिरली होती, त्या गावांत आम्ही गेलो. कुठे मारुतीच्या पारावर, कुठे शाळेच्या व्हरांड्यात बाया जमायच्या. अक्का आल्या म्हणून हौसेनं यायच्या, कोणी पोराला नवा सदरा घालून आणायची. अक्का उभ्या राहायच्या आणि सरळ सांगायच्या, "मी चुकले. मी म्हणलं होतं भरोसा ठेवा. मी पारखून घ्यायला पाहिजे होतं, न घेता सांगितलं. मला माफ करा." कोणी तोंडाला पदर लावून हसायची, कोणी म्हणायची, "तुमी काय करताल अक्का, सगळेच तसले."

गयाबाईच्या गावात सभामंडपात बाया बसल्या होत्या. अक्कांचं बोलून झालं. मग मागून एक तरणी सून उठली आणि अगदी मनापासून म्हणाली, "झालं ते झालं अक्का. आता येत्या टायमाला कुणाला टाकायचं, तेवढं सांगून जा. तुमी सांगताल त्यालाच टाकू."

अक्का पायरीवर बसल्या. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं. बायांना वाटलं ऊन लागलं. एका बाईनं पदरानं वारा घालायला सुरुवात केली.

"बाई," त्या सुनेला जवळ बोलावून त्या म्हणाल्या, "मी आता कुणाचंच नाव घेणार न्हाई. तूच मला सांग. तुला काय पाहिजे गावात?"

ती बावरली. असं तिला कोणी विचारलं नव्हतं. पण मग बोलायला लागली. दवाखाना, दारूचं दुकान, नळ. तिच्या मागून दुसरी, तिसरी. अक्का नुसत्या ऐकत होत्या. उन्हं कलली तरी बाया उठेनात.

परत येताना जीपमध्ये त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यो हिरो बरा गं. लोक त्याला पाहतात आन् घरी जाऊन आपल्या मनानं करतात. मी त्यांच्या मनातच जाऊन बसले होते. हे लय वाईट झालं."

येताना जीपमध्ये आमच्यासोबत गयाबाईची मीराही होती. अक्कांनी तिच्या बापापुढे अक्षरशः पदर पसरला होता. "पूल माझ्या हातात न्हाई. पोरगी द्या. बारावीपर्यंत माझ्याकडं राहील, मग तुमी म्हणताल ते." मीरा अक्कांकडे राहून शिकली आणि नर्स झाली. लग्नाचं तिच्या बापानं पुन्हा काढलं नाही. आता ती जिंतूरला एका दवाखान्यात असते. पूल अजून झालेला नाही.

अक्कांच्या घशात गाठ झाली ती पुढं. ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज गेला. आपल्याकडे दैव असं का वागतं, कळत नाही. त्या ओट्यावर बसायच्या, लोक येऊन बोलत राहायचे आणि त्या ऐकायच्या. कोणाचं पटलं नाही की स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायच्या. शेवटच्या दुखण्यात मीरा रजा काढून त्यांच्या उशाशी होती. एका सकाळी त्यांनी माझा हात धरला आणि ओठ हलवले. काय म्हणाल्या ते मला समजलं नाही. मी मान हलवली, समजल्यासारखी. त्याच दिवशी गेल्या.

रेडिओवरचा त्यांचा कार्यक्रम थेट जायचा, त्यामुळे तो कोणाकडे जपलेला नाही. मी खूप विचारलं. कोणाच्या घरी एखादी कॅसेट असेल म्हणून जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. कोणाकडेच काही निघालं नाही, आणि स्टुडिओवाल्यानंही विलासच्या वेळचं भरलेलं केव्हाच पुसलं होतं. इतकी वर्षं संध्याकाळी घराघरांत भरून राहिलेला आवाज, तो असा कुठेच नाही, हे मला अजून खरं वाटत नाही. संध्याकाळी भाकरी टाकताना अजूनही माझा हात रेडिओच्या फळीकडे जातो.

आणि परवाच्या निवडणुकीत मीराचा फोन आला. रडत होती. "मावशी, तुमाला पाठवलंय ते ऐका."

मी ऐकलं. अक्का बोलत होत्या. एका उमेदवाराचं नाव घेत होत्या, निशाणी सांगत होत्या, बटण दाबा म्हणत होत्या. हल्ली कॉम्प्युटरवर कोणाचाही आवाज तयार करता येतो म्हणतात. विलासच्या जीपवरचं ते जुनं बोलणं कोणाच्या तरी मोबाइलमध्ये राहिलं असणार, त्यावरून बनवलं असेल. आता त्या भागात हिरो येतात, मालिकांमधल्या नट्या येतात, मोबाइलवर नाचणारी पोरं येतात. लोक फोटो काढून घेतात आणि विसरतात. पण हे गावागावांत गेलं होतं. गयाबाईला विचारलं, तर म्हणाली, "आमी ओळखलं, अक्का इतकं भरभर बोलत नव्हत्या. पण काही जणी म्हणायल्या, अक्का वरून सांगायल्यात. त्यांनी टाकलंही असंल."

मी निवडणुकीच्या कार्यालयात जाऊन तक्रार दिली. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं, नोंद केली. निघताना म्हणाले, "मॅडम, तुमच्या फोनमधून तेवढं काढून टाका. चुकून पुढं जायला नको."

"हो," म्हटलं.

बाहेर आले. रस्त्याच्या कडेला लिंबाखाली उभं राहून फोन कानाला लावला. सगळं खोटं होतं. श्वास घ्यायच्या जागा चुकल्या होत्या, 'हाय'च्या जागी 'आहे' होतं. पण मध्येच 'बायांनो' असा एक शब्द आला. त्यातला 'बा' थोडासा लांबलेला, अगदी अक्कांचा. तेवढंच मागे घेऊन मी पुन्हा ऐकलं. रिक्षावाला विचारून गेला, बाई कुठं जायचंय. मी नाही म्हणून हात हलवला, आणि आणखी एकदा ऐकलं.

मग पुसून टाकलं.